सकाळी माथेरान, रात्री मुंबई: दिवस उलटा मोजायचा

माथेरान एका दिवसात होतं का, असं विचारणारे बहुतेक जण वर किती पॉइंट आहेत ते मोजत असतात. खरं मोजायचं असतं खाली उतरण्याचं. रात्री मुंबईत कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते आधी ठरवा. तिथून मागे डोंगराच्या पायथ्याच्या नेरळची लोकल, लोकलच्या आधी टॅक्सी, टॅक्सीच्या आधी दस्तुरी नाका, जिथे गाड्यांची हद्द संपते, आणि त्याच्या आधी वरची बाजारपेठ, असं उलट येत गेलं की डोंगरावर हातात किती तास उरतात ते कळतं. तो आकडा साधारण पाच ते सहा निघतो. पाच तासांत माथेरान उत्तम होतं. फक्त 'सगळे पॉइंट' हा हट्ट घरी ठेवून यायचा.

असा दिवस दोन प्रकारच्या लोकांच्या कामी येतो. एक, विदर्भ-मराठवाड्याकडून रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे कल्याणला उतरणारे, ज्यांचं मुंबईतलं काम दुसऱ्या दिवशी असतं. दुसरे पुण्याचे, जे सकाळच्या गाडीने कर्जतला उतरतात. कल्याणहून नेरळ लोकलने पाऊण तास, कर्जतहून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. दोघांनीही नेरळला आठपर्यंत पोचावं. नऊनंतर पोचलात तर शनिवार-रविवारी टॅक्सीच्या रांगेतच अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास पुढे दिवसभर भरून निघत नाही.

सामानाचा प्रश्न इथेच सोडवायचा, वर गेल्यावर नाही. दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाडी जात नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी एवढेच अपवाद. चाकांची सूटकेस लाल रस्त्यावर ओढत न्यायची म्हणजे चाकं आणि मनगट दोन्ही कामातून जातात. पाठीवरची एक पिशवी माणशी, एवढंच धरावं. त्याहून जास्त असेल तर दस्तुरीवर हमाल मिळतात, ते डोक्यावरून बाजारापर्यंत नेतात. दर आधी ठरवावा आणि ज्या लॉजवर दुपारी जेवणार तिथेच बॅगा ठेवायची परवानगी फोनवर घेऊन ठेवावी. जेवणाचं गिऱ्हाईक असेल तर सहसा नाही म्हणत नाहीत.

वर जायला मिनी ट्रेन घ्यावी का? एका दिवसाच्या माणसाने चढताना घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाडी सुंदर आहे यात वाद नाही. नेरळ ते माथेरान २१ किलोमीटरची ही दोन फुटी रुंदीची लाइन १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी ती उभी केली. चढ काही ठिकाणी २० फुटांना १ फूट. बोरघाटात मुख्य लाइनचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, त्यावरून अंदाज यावा. असा चढ आणि त्यात घोड्याच्या नालेसारखी वळणं, म्हणून गाडी अडीच तासांच्या वर घेते. टॅक्सी दस्तुरीपर्यंत पंचवीस मिनिटांत पोचवते. सकाळचे ते तास म्हणजे स्वच्छ उजेडाचे, वाऱ्याचे आणि कमी गर्दीचे तास. ते डब्यात बसून घालवायचे की कड्यावर, एवढाच प्रश्न आहे. शिवाय जागा मोजक्या, तिकीट गाडीच्या थोडं आधी खिडकीवरच मिळतं, आणि रांगेतल्या शेवटच्या दहा-वीस जणांना हात हलवत परतावं लागतं. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळहून ही गाडी बंदच असते. २०१९ च्या पावसाने रूळ वाहून गेले तेव्हा तर ती ऑक्टोबर २०२२ पर्यंत सुरू झाली नव्हती.

नेरळ स्टेशनबाहेर टॅक्सीवाले हाका मारतच असतात. सीटवर बसलात तर माणशी शंभराच्या आसपास आणि गाडी भरेपर्यंत थांबायचं. चार-पाच जण असाल तर पूर्ण गाडी करावी. रस्ता अरुंद आणि वळणं एकामागून एक. ज्यांना घाट लागतो त्यांनी पुढची सीट मागून घ्यावी आणि नेरळला पोटभर वडापाव खाऊ नये. वडापाव परतताना खावा, तेव्हा तो जास्त लागतोही.

दस्तुरीवर पहिल्यांदा नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा. पावती खिशात जपून ठेवायची. इथे सुटे पैसे आणि रोकड लागते. मोबाइलचं नेटवर्क रुसलं की यूपीआयही रुसतं. कराच्या खिडकीच्या पुढे दहा पावलांवर खरी परीक्षा असते. 'बाजार पाच-सहा किलोमीटर आहे', 'गाडी आज बंद आहे', 'चालत गेलात तर दुपार होईल', असं सांगणारे लोक भेटतात. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांच्या अशाच दिशाभुलीविरुद्ध गावकऱ्यांनी माथेरान बंद ठेवलं होतं, यावरून ही तक्रार गावालाही किती बोचते ते कळावं. वस्तुस्थिती अशी: दस्तुरी ते बाजार अंतर अडीच-तीन किलोमीटर, रस्ता जवळपास सपाट, बराचसा सावलीचा. रमतगमत पाऊण तास.

चालायचं नसेल तर तीन मार्ग. दस्तुरीजवळच अमन लॉज स्टेशन आहे, तिथून माथेरानपर्यंत मिनी ट्रेनचीच शटल धावते, वीसेक मिनिटांत पोचवते आणि पावसाळ्यातही चालू असते. दोन शटलमधलं अंतर बरंच असतं. खिडकीपाशी जाऊन पुढची गाडी किती वाजता ते बघायचं. पाऊण तासापेक्षा जास्त थांबायचं असेल तर चालत निघालेलं बरं, कारण शटल सुटायच्या आत तुम्ही बाजारात असता. दुसरा मार्ग ई-रिक्षाचा. त्यांची संख्या मोजकी आणि सुट्टीच्या दिवशी रांग लांब, पण गुडघेदुखीच्या माणसासाठी याहून चांगली सोय नाही. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तोही ई-रिक्षांकडे बोट दाखवूनच. त्याच निकालात दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉकची मुभा राहिली, आतल्या पायवाटांना मात्र नाही. त्यामुळे मुख्य रस्ता सोडला की आजही पायाखाली लाल मातीच असते.

तिसरा मार्ग घोडा. घोड्यावर बसायच्या आधी चार गोष्टी बोलून घ्यायच्या: कुठले पॉइंट, एकूण किती वेळ, एकूण किती पैसे, आणि परत कुठे सोडणार. 'सात पॉइंट' असं कोणी म्हटलं तर नावं विचारावीत. त्यात एखादी बाग आणि एखादं देऊळही पॉइंट म्हणून धरलेलं असतं. लहान मुलाला हेल्मेट मागून घ्यावं आणि घोडा पळवायचा नाही हे ठणकावून सांगावं.

आता वरचे पाच तास. माथेरान म्हणजे सुमारे आठशे मीटर उंचीवरचं एक लांबट पठार, उत्तर-दक्षिण पसरलेलं. माथ्यावर जांभ्याचा थर आणि खाली बेसाल्टचे कडे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथे चढून आले, त्यानंतर गोऱ्या साहेबांनी कड्याकड्यावर आपली नावं पेरली: लुईसा, शार्लोट, अलेक्झांडर, किंग जॉर्ज. नावांच्या या गर्दीत नकाशा हरवतो. लक्षात ठेवायचं ते इतकंच की बाजार साधारण मधे आहे, पॅनोरमा पॉइंट उत्तर टोकाला, वन ट्री हिल आणि चौक पॉइंट दक्षिण टोकाला, लुईसा-एको-शार्लोट तलाव पश्चिमेला आणि अलेक्झांडर-रामबाग पूर्वेला. पॅनोरमा आणि दक्षिणेचं टोक एकाच दिवशी धरू नये. पॅनोरमा सूर्योदयाचा आहे, आणि सकाळी नऊ वाजता दस्तुरीवर उतरलेल्या माणसाचा सूर्योदय केव्हाच होऊन गेलेला असतो.

क्रम ठरवताना उजेड बघायचा. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून पश्चिमेचे कडे आधी करायचे. लुईसा पॉइंटवर उभं राहिलं की सूर्य पाठीशी असतो आणि समोर प्रबळगडाचा कातळ स्पष्ट दिसतो, त्याच्या भेगासुद्धा. हेच दुपारी चारला केलंत तर सूर्य डोळ्यांवर येतो आणि प्रबळगड नुसती करडी आकृती होते. पूर्वेचे पॉइंट याच्या उलट, म्हणून ते शेवटी. बहुतेक घोडेवाले आपल्या सोयीने फिरवतात, त्यात उजेडाचा विचार नसतो, आणि घरी फोटो बघताना लोकांना वाटतं की माथेरानच धुरकट आहे.

बाजारातून निघून लुईसा, मग एको, मग शार्लोट तलाव. हा तलाव गावच्या पाण्याचा आहे. पोहायला किंवा पाय धुवायला नाही. काठावर पिसरनाथाचं देऊळ आहे, गावाचं ग्रामदैवत. इथे दहा मिनिटं बसावं, कारण पुढचा टप्पा लांब आहे. तलावाच्या बांधापासून लॉर्ड पॉइंट जवळच. तिथून दक्षिणेला किंग जॉर्जवरून वन ट्री हिलकडे जाताना गर्दी एकदम ओसरते. जांभळाची आणि अंजनीची झाडं इतकी दाट आहेत की एप्रिलमध्येही ऊन रस्त्यावर फक्त तुकड्यातुकड्यांनी पडतं. वन ट्री हिलवरून खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं, जे नवी मुंबईच्या नळाला येतं. संध्याकाळी ज्या महानगरात आपण उतरणार आहोत त्याचा एक मोठा भाग या डोंगराच्या पायथ्याचं पाणी पितो, हे वरून बघितल्यावर जास्त कळतं. परतीला रामबाग आणि अलेक्झांडरवरून बाजारात. ही सगळी फेरी नऊ-दहा किलोमीटरची, थांबत थांबत चार तासांची. लहान मुलं किंवा वयस्कर सोबत असतील तर दक्षिणेचं टोक सोडून तलावावरूनच मागे फिरावं. फेरी निम्मी होते आणि फार काही हुकत नाही.

वाटांवर फाटे पुष्कळ आहेत. चौकाचौकांत नगरपरिषदेच्या पाट्या आहेत, पण काही झिजलेल्या. फाट्यावर शंका आली तर ज्या वाटेवर घोड्याची ताजी लीद दिसते ती मुख्य वाट समजावी. ऐकायला बरं नाही वाटत, पण हमखास चालतं.

काय बिघडतं तेही सांगायला हवं. पहिलं, कड्याची कड. जांभा वरून टणक दिसतो, पण कडेला तो पोखरलेला असतो आणि पावसाळ्यानंतर तर भुसभुशीत. सगळीकडे कठडे नाहीत. कडेवर बसून पाय सोडायचे, उलटं चालत सेल्फी घ्यायचा, हे करू नये. दुसरं, माकडं. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. खाऊ पाठीवरच्या पिशवीत, चेन लावून. हातात पिशवी दिसली की ती गेलीच समजा, आणि ओढाओढ केली तर चावा. तिसरं, धूळ. घोड्यांच्या टापांनी उडालेली लाल माती नाकात जाते. दम्याच्या माणसाने रुमाल नाही, मास्क घ्यावा. पांढरे कपडे आणि नवे बूट या दिवसासाठी नाहीत. पावसात तीच माती निसरडी होते, शेवाळलेल्या दगडांवर तर सपाट तळव्याची चप्पल टिकतच नाही. चौथं, पाणी. माणशी दीड लिटर घेऊन निघावं. दक्षिणेच्या टोकाकडे टपऱ्या असतात, पण त्या आठवड्याच्या मधल्या दिवशी उघड्या असतीलच असं नाही. रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. २००३ पासून माथेरान आणि भोवतालचा पट्टा केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. कचरा वर साचला की तो खाली न्यायचं कामही अवघडच, कारण इथे ट्रक येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं कोलमडतं. धुक्यात कड्याच्या पलीकडे फक्त पांढरं. त्या दिवसांत पॉइंटसाठी येऊ नये, चालण्यासाठी यावं. सर्वांत स्वच्छ नजारा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, पाऊस नुकताच संपलेला असताना.

दीडच्या सुमारास बाजारात परत यायचं. जेवणासाठी पाऊण तास पुरतो. गुजराती थाळीची दुकानं बरीच, मराठी जेवण विचारून शोधावं लागतं. खरेदी म्हणजे चिक्की आणि चामड्याच्या चपला. चिक्की एकाच दुकानात चाखायची आणि तिथेच विकत घ्यायची, चार दुकानं फिरत बसलं तर अर्धा तास जातो. चपला घेताना पाय चालून सुजलेला असतो हे लक्षात ठेवावं. आता घट्ट बसणारा जोड उद्या सैल होणार.

इथे दिवसाचा सर्वांत अवघड निर्णय येतो: सूर्यास्त बघायचा की नाही. पॉर्क्युपाइन पॉइंटवरचा सूर्यास्त सुरेख असतो, कबूल. पण नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तिथून अंधारात बाजार, बाजारातून दस्तुरी, दस्तुरीवर त्याच वेळी उतरणाऱ्या सगळ्यांची टॅक्सीसाठी झुंबड. नेरळला आठ-साडेआठ आणि मुंबईत साडेदहा. दोघं तरुण असाल, हॉटेल स्टेशनजवळ असेल आणि टॉर्च असेल तर जरूर बघा. मुलंबाळं, सामान आणि अनोळखी शहर असेल तर बघू नका. वाटेत झाडीमुळे अंधार सूर्यास्तानंतर लगेच होतो, आणि दिवे फक्त मुख्य रस्त्यावर.

सूर्यास्त सोडलात तर उतरताना मिनी ट्रेनचा विचार करता येतो. दुपारी माथेरानहून नेरळला गाडी सुटते, मात्र उतरायलाही जवळपास चढाइतकाच वेळ लागतो. सकाळी बाजारात शिरतानाच माथेरान स्टेशनवर वेळ आणि खिडकी कधी उघडते ते विचारून ठेवायचं, कारण वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं. तिकीट मिळालं तर वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्टेशनं आणि एकुलता एक बोगदा बघायला मिळतो. नाही मिळालं तर वाईट वाटून न घेता साडेतीनला चालायला लागायचं. सव्वाचारला दस्तुरी, पावणेपाचला नेरळ. रविवारी यात अर्धा तास वाढवा. घाटात एखादी गाडी बंद पडली की मागे रांग लागते, आणि ती चुकवायला दुसरा रस्ता नाही.

नेरळला पोचायच्या आधीच लोकलचं तिकीट मोबाइलवर काढून टाकावं. स्टेशनच्या आवारात शिरल्यावर मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट निघत नाही.  फार आधी काढूनही चालत नाही, त्याला मुदत असते. टॅक्सी शेवटची वळणं उतरत असते आणि नेटवर्क परत येतं, ती योग्य वेळ. खिडकीवरची रांग रविवारी संध्याकाळी एक लोकल चुकवते. नेरळहून मुंबईकडे लोकल दर पाच मिनिटांनी नसते. चुकली तर पुढची अर्ध्या-पाऊण तासाने, हे शहरातल्या लोकांच्याही ध्यानात राहत नाही. रविवारी निघायच्या आदल्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, कुठे आहे ते बघावं. ब्लॉक सहसा दुपारी चारच्या आसपास संपतो, पण त्यानंतर तासभर गाड्या मागेपुढे होतात.

लोकल थांबते जेमतेम अर्धा मिनिट. सामान घेऊन सगळे एकाच दारातून चढायला गेले की कोणीतरी मागे राहतं, म्हणून दोन-दोन जणांनी शेजारच्या दारांतून चढायचं. संध्याकाळी मुंबईकडे जाणारी गाडी सकाळच्या मानाने मोकळी असते, आठवड्याच्या मधल्या दिवशी तर खिडकीही मिळते. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र कर्जतहूनच ट्रेकर मंडळी भरून येतात. तेव्हा बसायची आशा सोडावी.

खिडकी मिळाली तर डावी घ्या. नेरळ सुटल्यावर त्या बाजूला माथेरानचं पठार, मग पेब किल्ला, शेलू-वांगणीच्या पुढे चंदेरीचा सुळका, म्हैसमाळ, आणि अंबरनाथच्या आसपास मलंगगड. ज्या रांगेवर दिवसभर फिरलो ती कल्याणपर्यंत गाडीसोबत चालते. बदलापुरापासून इमारती दाटायला लागतात. मुंब्र्याला शेवटचा डोंगर रुळांच्या अगदी जवळ येतो, आणि त्यानंतर ठाण्याची खाडी.

कल्याणनंतर फास्ट लोकल डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा अशी मोजकी स्टेशनं घेत सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. नेरळहून ठाणे साधारण तास-सव्वातास, दादर दीड तासाच्या वर, आणि सीएसएमटी दोन तासांच्या आतबाहेर. अंतर ८६ किलोमीटर. मुलुंड, भांडुप, विक्रोळीला जाणाऱ्यांनी ठाण्याला उतरून स्लो गाडी पकडावी. कुठे उतरायचं हे 'मुंबईत' एवढ्यावर ठरत नाही. वाशी, नेरूळकडे जायचं असेल तर ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल. अंधेरी, वर्सोवा असेल तर घाटकोपर, तिथे मेट्रो. रात्रीचं विमान असेल तरी घाटकोपरच: मेट्रोने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रोत बदललं की पुढचं स्टेशन विमानतळाचं टी-टू टर्मिनल. टॅक्सीने हाच टप्पा संध्याकाळच्या वाहतुकीत कितीही वेळ खातो. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पुढची गाडी असेल तर कुर्ला. वांद्रे, बोरिवली, वसई असेल तर दादर.

दादर नवख्याला घाबरवतं. त्यावर उपाय साधा आहे. कुर्ला सुटलं की उठून दारापाशी जायचं, पुढच्या माणसाला 'दादर उतरणार का?' विचारायचं, आणि तो 'हो' म्हणाला की त्याच्या मागे उभं राहायचं. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही त्यालाच विचारावं. पाठीवरची पिशवी पुढे छातीवर घ्यायची. गाडी थांबल्यावर जागेवरून उठणारा माणूस दादरला उतरत नाही, सीएसएमटीला उतरतो. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग नंबर आहेत: पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. त्यामुळे जुन्या लोकांनी सांगितलेल्या 'एक नंबरवर भेटू'वर जाऊ नये. पुलावर चढून पश्चिमेकडे जायचं, पाटी बघून चर्चगेट किंवा विरार बाजू निवडायची.

दक्षिण मुंबईत राहायचं असेल तर शेवटपर्यंत बसा. सीएसएमटीला लोकल १ ते ७ नंबरच्या फलाटांवर येतात, लांब पल्ल्याच्या गाड्या त्यापुढच्या फलाटांवर. उतरल्यावर गर्दीबरोबर सरळ भुयारी मार्गात शिरायच्या आधी बाजूला थांबून कुठे जायचं ते ठरवावं, कारण त्या भुयाराला तोंडं अनेक आहेत आणि चुकीच्या तोंडातून वर आलं की रस्त्याच्या भलत्याच बाजूला निघतो. १८८८ साली पूर्ण झालेली मूळ इमारत, जी आता जागतिक वारशात आहे, ती बघायची तर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून. संध्याकाळी तिच्यावर दिवे सोडलेले असतात. कुलाबा, कफ परेड किंवा वरळीकडे जायला ऑक्टोबर २०२५ पासून इथून भुयारी मेट्रोही मिळते.

ऑटोरिक्षा इथे शोधू नका. शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. काळीपिवळी टॅक्सी फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये घेते, उपनगरातली रिक्षा २६. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यावर पाव पट जास्त. मीटर टाकायला सांगायचं. नाही म्हणाला तर पुढच्या टॅक्सीकडे जायचं, रात्री नऊलाही तिथे टॅक्सी कमी नसतात. दुसऱ्या दिवशी काम संपवून रात्रीची गाडी असेल तर सकाळी सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, मात्र बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत.

हॉटेलवर ओळखपत्र प्रत्येकाचं मागतात, मुलांची आधार कार्डंही जवळ ठेवावीत. खोलीत शिरल्यावर लाल मोजे लगेच पाण्यात बुडवू नका. माती ओली झाली की धाग्यात बसते. आधी वाळू द्यायचे, गॅलरीत झटकायचे, मग साबण लावायचा. बुटांचंही तसंच: कोरडा ब्रश आधी, ओलं फडकं नंतर.